ठमाबाईचा हात

भिवंडीजवळच्या अंजूरमध्ये कुणाचा पाय मुरगळला, मान धरली किंवा कमरेत उसण भरली, की घरातली माणसं आधी ठमाबाईचं नाव घ्यायची आणि मग देवाचं. गावात डॉक्टर होता, नव्हता असं नाही. पण डॉक्टर गोळी देतो आणि ठमाबाई हात देते, असं गावाचं साधं मत. ती कुणाकडून काही घेत नसे. फुकटच्या हातालाही गुण येतो हे लोकांना पटायला थोडा वेळ लागला, पण एकदा पटल्यावर तिच्या ओटीवर गोणपाट कायम अंथरलेलंच राहिलं.

बाई ठेंगणी, काळीसावळी, तोंडाची फटकळ. चोळताना हात जेवढा मऊ, जीभ तेवढीच धारदार. गोदामातला हमाल कळवळला की म्हणायची, "बैलासारखा वाढलास नि बकऱ्यासारखा बेंबालतोस! गप पर." तो गप पडायचा आणि अर्ध्या घटकेत चालत घरी जायचा. तिच्या अंगठ्याला म्हणे कातडीच्या आतलं दिसायचं. कुठली शीर कुठे अडली, कुठली कुठे चढली, हे ती डोळे मिटून सांगायची.

हा हात एकदाच हरला होता. नवरा बाळाराम तापाने फणफणला, तेव्हा भिवंडीला न्यायला उशीर झाला आणि ती तोवर त्याचे तळपाय चोळत बसली. तो गेला. "ताप शिरंत नसतो," एवढंच ती पुढे म्हणायची, आणि त्यावर कुणी काही बोललेलं तिला खपत नसे. मागे राहिला सागर. त्याला तिने एकटीने वाढवलं. भाताची खाचरं गेली, तिथे पत्र्याची गोदामं आली, आणि ज्या चिखलात आईने आवणी केली तिथेच, सिमेंटच्या गुळगुळीत फरशीवर, लेक फोर्कलिफ्ट चालवू लागला. ठमाबाईला त्याचं वाईट वाटत नसे. चिखलात कंबर मोडण्यापेक्षा बसून गाडी चालवणं बरं, असं तिचं म्हणणं.

तिला खरा अभिमान होता तो लेकरांचा. गावातली निम्मी पोरं तिच्या लांब केलेल्या पायांवर उताणी-पालथी होऊन वाढली होती. मिसरूड फुटलेल्या पोरालासुद्धा ती भर रस्त्यात ऐकवायची, "माझ्या पायांवर मुतलास तू, मना नको शिकवू." सागरचं लग्न खारबावच्या रुचिकाशी झालं. रुचिकाला आई नव्हती, म्हणजे बाळंतपण सासरीच होणार. लग्नाची हळद उतरली नव्हती तोच ठमाबाईने सुनेला सांगून टाकलं, "तुझ्या बालाला मीच न्हाऊ घालीन. दुसऱ्या कुनाचा हात लागू देनार न्हाय." रुचिका लाजून हसली. तेव्हा ती सासूकडे बघून हसायची.

गाठ सागरला आंघोळ करताना सापडली. उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला, लिंबाएवढी, दुखत नव्हती. गावातल्या डॉक्टरने चरबीची म्हणून सोडून दिली. ती हळूहळू वाढत मोसंबीएवढी झाली, पॅन्ट मांडीवर दाटायला लागली, तेव्हा रुचिकाने त्याला ओढून सासूपुढे बसवलं. ठमाबाईने बोटं टेकवली आणि लगेच उचलली. आत काहीतरी ताणलेलं, गोल, डुचमळणारं होतं. तिच्या एवढ्या वर्षांच्या हाताला त्याची ओळख लागेना.

"ह्यो माझ्या हाताचा न्हाय रे," ती म्हणाली. "भिवंडीला जा."

हे ती स्वतः म्हणाली होती. पुढे तिला सगळ्यात जास्त छळलं ते ह्याच वाक्याने.

भिवंडीच्या इस्पितळात आसावरी नावाच्या सर्जन होत्या. जुन्या भिवंडीतल्या शिक्षकांच्या घरातल्या. बोलायच्या हळू, पण एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला लागलं की कपाळाला आठी. त्यांच्या हाताखालचा नवा डॉक्टर पू झालाय असं समजून सुई टोचायच्या तयारीत होता. त्यांनी सोनोग्राफीचं चित्र पाहिलं आणि त्याला जागच्या जागी थांबवलं. मग ठाण्याहून एमआरआय करून आणायला लावला. तो आल्यावर तिघांना समोर बसवून त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली. मांडीच्या मांसात एक मोठी गोल पिशवी दिसत होती आणि तिच्या पोटात छोट्या छोट्या गोल पिशव्या.

"ही चरबी नाही आणि कॅन्सरही नाही," त्या म्हणाल्या. "ही जंताची पिशवी आहे. पाण्याने भरलेली. हायडॅटिड म्हणतात. बहुतेक वेळा लिव्हरमध्ये होते, नाहीतर फुप्फुसात. मांडीच्या मांसात फार क्वचित. इतक्या वर्षांत मी पाहिलेली ही दुसरी."

"जंत मांडीत कसा जाईल?" रुचिकाने विचारलं.

"हा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर येतात, केसांना चिकटतात. आपण कुत्र्याला हात लावतो, तोच हात तोंडात जातो. मग अंडी रक्तातून कुठेतरी जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं सावकाश वाढतात. घरात कुत्रा होता का कधी?"

सागर एकदम हसला. "होता ना! फौजदार!"

फौजदार म्हणजे लाल रंगाचा, एक कान तुटलेला गावठी कुत्रा. सागरच्या लहानपणी दोघं एकाच गोधडीत झोपायचे. फौजदार त्याचं तोंड चाटायचा आणि हा त्याच्या तोंडातली पोळी ओढून खायचा. पुढे तो शेजारच्या पूर्णा गावाच्या रस्त्यावर ट्रेलरखाली सापडला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सागर कौतुकाने सांगत होता. डॉक्टरीणबाई मान हलवत ऐकत होत्या. ठमाबाई मात्र खुर्चीच्या कडेला सरकली होती.

"डॉक्टरीनबाई, पन कुत्र्याला ह्यो जंत कुठून होतो?"

"बकरी-मेंढीच्या कलेजीत, फुप्फुसात अशाच पाण्याच्या पिशव्या असतात, मावशी. कापताना ते खराब म्हणून लोक कुत्र्याला टाकतात. तिथूनच सुरुवात होते."

"मग टाकायचा कुठं?"

"जाळायचं. नाहीतर खोल पुरायचं. कुत्र्याला कधीच नाही."

ठमाबाईने पदर तोंडाला लावला. चैत्रात गावदेवीच्या जत्रेला बकऱ्याचा मान असतो, आणि बकऱ्याचं आतलं साफ करायचं काम लग्न होऊन आल्यापासून तिच्याकडे. कलेजीवर कुठे पांढरा, पाण्याने टरारलेला फोड दिसला, की ती तेवढाच नाही, त्याच्या भोवतालचाही चांगला चार बोटं भाग कापून टाकायची. माणसाच्या पोटात वाईट जाऊ नये म्हणून. आणि समोर शेपटी हलवत बसलेल्या फौजदारच्या पुढ्यात फेकायची. "घे, ह्यो फौजदारसायबांचा वाटा," असं म्हणून. बायका हसायच्या, सागर टाळ्या पिटायचा. गावाला जपायला निघालेल्या बाईने स्वतःच्या पोराला आजार वाढला होता, आणि वर हसत हसत वाढला होता.

डॉक्टरीणबाई पुढचं सांगत होत्या. यकृत आणि फुप्फुसं साफ आहेत, हे नशीब. आधी काही आठवडे जंताच्या गोळ्या, मग ऑपरेशन. पिशवी अख्खी, न फोडता काढायची. अख्खी निघाली तर पोरगा होता तसा होईल, पळेलसुद्धा.

"आणि तोवर हिला हात लावायचा नाही. दाबायचं नाही, चोळायचं नाही, कुणाला सुई घालू द्यायची नाही. आत फुटली तर अंगावर गांध्या उठून श्वास बंद पडू शकतो, माणूस हातचा जाऊ शकतो. आणि वाचला, तरी त्या पाण्यातून बी पसरतं. एकेका कणाची नवी पिशवी होते. मग मला आयुष्यभर त्यांच्या मागे धावावं लागेल. समजलं का, मावशी?"

"समाजला," ठमाबाई म्हणाली.

समजलं तिला सगळंच होतं. अडाणी होती, खुळी नव्हती. घरी आल्यावर ती जेवली नाही. सागरला वाटलं, आई ऑपरेशनला घाबरली. तो तिला समजावत बसला, आणि त्याच्या प्रत्येक शब्दागणिक तिला मेल्याहून मेल्यासारखं होत गेलं. कारण फौजदारच्या वाट्याची गोष्ट त्याला आठवत नव्हती आणि तिला सांगवत नव्हती.

गोळ्या चालू असतानाच जत्रा आली. ठमाबाई नेहमीसारखी कोयती घेऊन बसली. तिसऱ्या बकऱ्याच्या कलेजीवर तिला तो पांढरा फोड दिसला. कुत्री जमलीच होती. तिने तो तुकडा पानात गुंडाळला आणि देवळामागे जाऊन खड्डा खणायला लागली. बायका खो खो हसल्या. "ठमे, कलेजीचा बारावा करतेस का?" एकीने विचारलं. एरवी तिने अशीला दोन पिढ्यांचा हिशोब ऐकवला असता. त्या दिवशी ती नुसती खणत राहिली, वर दगड ठेवला आणि परत येऊन हात धुतले, पुन्हा धुतले.

सागरला पालखी घेऊ नको म्हणून सगळ्यांनी बजावलं होतं. पण ढोल वाजायला लागल्यावर अंजूरचा पोरगा बाजूला उभा राहतो होय? देवळापासून वेशीपर्यंत त्याने खांदा दिलाच. दुपारी मटणाचं जेवण झालं, गाव पेंगायला लागलं, आणि तो ओटीवर आडवा होतो तोच उजव्या पायात गोळा आला. पोटरी दगडासारखी झाली.

"आये, गोला आला गो! मेलो!"

पायात गोळा येणं म्हणजे ठमाबाईच्या घरचं काम. ती तेलाची वाटी घेऊन आली, पोटरी हातात घेतली, आणि चार हात फिरवताच गोळा उतरला. सागरने सुटकेचा श्वास सोडला. तिथेच तिने उठायला हवं होतं. पण किती दिवसांनी तिच्या हाताला यश आलं होतं, आणि समोर ती गाठ होती, तेलाने चमकणाऱ्या गुडघ्याच्या थोडी वर. ऑपरेशनची तारीख लागली होती. तिच्या पोराला कापणार होते, आणि कशासाठी, तर तिने फेकलेल्या तुकड्यासाठी. माझ्या हाताने गेलंय ते माझ्याच हाताने उतरेल, असं तिच्या मनाने घेतलं. किंवा मन तेव्हा नव्हतंच, नुसता हात होता. तो वर सरकला.

"आये, डॉक्टरीनबाई बोलली हाय..."

"मना ठाव हाय काय बोलली ती. हलकाच लावते. गप पर."

आणि तो गप पडला. लहानपणापासून त्या हाताखाली तो झोपी गेला होता. त्या हाताला नको म्हणणं म्हणजे आईलाच नको म्हणणं, आणि ते त्याला कधी जमलं नव्हतं. त्याने डोळे मिटले.

रुचिका मागच्या दारी भांडी घासत होती. पाणी घ्यायला पुढे आली आणि ओल्या हातांनी उंबऱ्यातच थांबली. "आई, नको! आई!" ती ओरडली. त्याच वेळी ठमाबाईच्या अंगठ्याखाली काहीतरी सुटलं. इतके दिवस ताणून बसलेली गाठ एकदम मऊ पडली, पसरली, नाहीशी झाली. ठमाबाईचा चेहरा उजळला.

"उतारली!" ती सुनेकडे बघून म्हणाली. "रुचिका, उतारली गो गाठ!"

तो आनंद फार टिकला नाही. सागर उठून बसला आणि अंग खाजवायला लागला. गळ्यावर, पाठीवर चकंदळं उठली. ओठ सुजले, डोळे बारीक झाले, आणि छातीतून शीळ वाजावी तसा आवाज यायला लागला. शेजारचा रघू जेवणावरून हात न धुता उठला, त्याने रिक्षा काढली. रस्त्यात ट्रेलरांची रांग लागलेली. रघू शिव्या देत होता, हिंदीत, मराठीत, जी येईल त्या भाषेत. रुचिका नवऱ्याचं डोकं मांडीवर धरून त्याला नावाने हाका मारत होती. ठमाबाई कडेला बसली होती, आणि आपले दोन्ही हात कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं.

सागर वाचला. इंजेक्शनं गेली, ऑक्सिजन लागला आणि त्याचा श्वास परत आला. आसावरीबाई धावत आल्या. मांडी चाचपली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं? कुणी दाबलं का हिला?"

ऑक्सिजनच्या मास्कमधून सागर बोलला, "पालखीत... परलो."

आईने मान खाली घातली. आसावरीबाईंनी स्पिरिटचा बोळा घेऊन मांडी पुसली. बोळ्यावर तेल उतरलं, खोबरेलाचा वास आला. त्यांनी एकदा ठमाबाईच्या हातांकडे पाहिलं. ते अजून चमकत होते. मग त्यांनी नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. रुचिकाने ते पाहणं पाहिलं.

अख्खी पिशवी काढायची होती, तिथे आता मांसातून फुटकी सालं वेचायची होती. डॉक्टरीणबाईंनी मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं, मांडीचं बरंच मांस काढलं. सागर घरी आला तो लंगडत. फोर्कलिफ्ट गेली; सुपरवायझर भला माणूस, त्याने गेटवर खुर्ची दिली. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर बघत तो बसू लागला.

गावाने मात्र निकाल लावून टाकला. पालखीत पडला म्हणजे देवीचा कोप. मग पोराच्या नावाने देवीला आणखी एक बकरा द्यायचा ठरला, आणि दिलाही. त्याची कलेजी साफ करायला ठमाबाई गेली नाही. जिने कुणी केली तिने खराब भाग कुठे टाकला असेल, ते विचारायचंही तिला धैर्य झालं नाही.

तिने चोळणं सोडलं. गोणपाट गुंडाळून माळ्यावर टाकलं. कुणी आलं की म्हणायची, "हातात दम न्हाय आता. भिवंडीला जा." लोक म्हणाले, ठमाबाईला भाव चढला. तिने ते ऐकून घेतलं. खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर सागर खोटा पडला असता, आणि त्याने तिच्यासाठी आयुष्यात एवढी एकच खोटी गोष्ट सांगितली होती. रात्री तो पाय धरून कण्हायचा. ती भिंतीपलीकडे जागी असायची आणि तिचे हात आपोआप वळायचे.

घरात रुचिका तिला जेवायला वाढायची, औषध आणायची, आई म्हणायची. एवढं सगळं चालू होतं आणि तरी काहीतरी थांबलं होतं. एकदा तरी भांडावं, तोंडावर थुंकावं, असं ठमाबाईला वाटायचं. सून भांडली नाही.

पुढच्या वर्षीच्या तपासणीत सोनोग्राफीवाल्याने मशीन मांडीवर फिरवलं आणि एका जागी ते जास्त वेळ धरलं. जुन्या टाक्यांच्या वर दोन नव्या पिशव्या होत्या, वाटाण्याएवढ्या. आसावरीबाई म्हणाल्या, गोळ्या पुन्हा सुरू करू, बघू. त्या "बघू" मध्ये किती वर्षं आहेत हे कुणी विचारलं नाही. रुचिकाला तेव्हा पाचवा महिना होता. परतताना तिने रिक्षाच्या दांडीला धरलं होतं आणि दुसरा हात पोटावर ठेवला होता.

ते पोट पाहून ठमाबाईला इतक्या दिवसांत पहिल्यांदा जगावंसं वाटलं. मोठ्यांच्या शिरा तिने सोडल्या होत्या, पण लेकराचं न्हाणं वेगळं. त्याच्यात कुठे गाठ असते? लेकराला नुसती माया लागते, आणि ती तिच्या हातात अजून होती. तिने जुनी लुगडी धुऊन दुपटी शिवली. भाविका नाव ठेवू, असं एकदा पुटपुटली. सागर हसला.

मुलगीच झाली. रुचिका इस्पितळातून घरी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी ठमाबाई उजाडायच्या आधी उठली. नखं आदल्या दिवशीच कापली होती. हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. पाणी तापवलं, वाटीत तेल घेतलं आणि करंगळी बुडवून पाहिलं. मग मोरीत पाट मांडून बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं, दोन्ही पाय सरळ लांब केले आणि वाट बघू लागली.

रुचिका बाळाला घेऊन आली. तिच्या मागे पूर्ण्याची दिपाली होती, लेकरांना न्हाऊ घालणारी, कंबरेला पदर खोचून.

"आई, उठा," रुचिका म्हणाली. "मी दिपालीताईला बोलावलंय."

ठमाबाईने वर पाहिलं. सुनेच्या डोळ्यांत राग असता तर तिला तो सोसला असता. राग नव्हता. भीती होती, आणि बाळ तिने छातीशी घट्ट धरलं होतं. दारात सागर काठी टेकून उभा होता. तो आईकडे बघत नव्हता.

ठमाबाईने पाय दुमडले. उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. दिपाली अवघडून उभी होती, तिच्या हातात तिने वाटी दिली.

"कोमट हाय," ती म्हणाली. "मानेखाली हात घे."

मग ती आतल्या खोलीत जाऊन बसली, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मोरीत पाण्याचा आवाज झाला. बाळ एकदा कळवळून रडलं. दिपालीचा हात चांगला असावा, कारण पोर लगेच गप झाली.